शमसाची ताटली

सासूबाई आज परत येणार म्हणून मुनिरानं सकाळीच दारापुढची गल्ली धुवायला काढली. दोन बादल्या झाल्या, साबण झाला, लिंबाचा रस झाला, तरी वास हटेना. नवे बोके रोज येऊन दाराच्या नक्षीवर, ओट्याच्या दगडावर, समोरच्या भिंतीच्या कोपऱ्यावर आपला हक्क सांगून जात होते. शेजारणी नाकाला बुरख्याचं टोक लावून पुढे होत आणि काही बोलत नसत, हेच मुनिराला जास्त झोंबे. आमच्या या लामू बेटावरच्या बायका एकाएकी गप्प झाल्या की समजावं, विषय घरोघरी चघळून झाला आहे.

मांजरं या गल्लीत आधीही होती. मांजराशिवायची एखादी गल्ली लामूत कुणी दाखवावी, मी तिथे राहायला जाईन. पण मुनिराच्या सासूबाईंची, शमसाबींची मांजरं वेगळी होती. त्यांनी वर्षानुवर्षं एकेकाला ताटली वाजवून बोलावलं होतं, पिंजऱ्यात घेतलं होतं आणि जनावरांच्या दवाखान्यात नेऊन पिल्लं होऊ नयेत असं ऑपरेशन करून आणलं होतं. खूण म्हणून डॉक्टर डाव्या कानाचं टोक कापत. मग भांडणं नाहीत, रडणं नाही, घाण नाही. संध्याकाळी शमसाबींची अंगठी ताटलीच्या कडेवर वाजली की ती येत, माशांची डोकी खात आणि ओट्याखाली पसरत. एकडोळ्या वझीर सगळ्यांच्या आधी. हवा नावाची राखाडी मांजरी सगळ्यांच्या शेवटी, इतरांचं आटोपलं की मग.

आता त्यांतलं एकही नव्हतं. आणि गल्ली मोकळी राहील असं ज्यानं ठरवलं होतं त्याच्या नाकावर टिच्चून, मोकळी जागा बघून गावभरची उपरी मांजरं इथे राहायला आली होती.

ज्यानं ठरवलं होतं तो, म्हणजे मुनिराचा नवरा स्वालेह, दुकानाला निघता निघता दारात थांबला. "आईनं विचारलं तर सांग, असतील इकडेतिकडे. मांजरंच ती."

"या नव्यांचे कान बघितलेत?"

"कान?"

"दोन्ही शाबूत आहेत. एकाचंही टोक कापलेलं नाही."

"आई येऊन कान तपासत बसणार आहे का?"

"मग दुसरं काय करतात त्या?" मुनिरा म्हणाली आणि उरलेली बादली गल्लीत उपडी केली.

स्वालेहनं चपला पायात सरकवल्या. तो पायरीच्या वरच्या दगडाला टाळून खाली उतरला. घरातले सगळेच तसे उतरत, इतकी वर्षं, की आता कुणाच्या लक्षातही येत नसे. तो दगड हलत होता. मोठा पाऊस सुरू होण्याआधी आईनं त्याला सांगितलं होतं, गवंडी बोलाव, चुना भरून घे. तो हो म्हणाला होता. मग एका संध्याकाळी आई माशांच्या डोक्यांची ताटली घेऊन उतरताना पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. धावत आलेल्या स्वालेहला दिसलं ते एवढंच: आई जमिनीवर, डोकी सगळीकडे विखुरलेली आणि मांजरं आईच्या अंगाभोवती निवांत खाताहेत. ते दृश्य त्याच्या डोक्यातून गेलं नाही. मोंबासात राहणारी बहीण तिमा आईला ऑपरेशनसाठी तिकडे घेऊन गेली, आणि त्याच आठवड्यात त्यानं धाकट्या भावाला, अथमानला, बोलावून सांगितलं, की आई परत यायच्या आत गल्ली मोकळी झाली पाहिजे. मारायचं नाही. फक्त लांब सोडून ये. दगडाची आठवण त्याला येत नव्हती असं नाही. ती आली की तो मांजरांवर जास्त चिडे.

*

विमानतळ पलीकडच्या बेटावर, त्यामुळे आईला घरी आणायची ती बोटीनं, आणि बोट घरात एकच, अथमानची. त्यानं आणि नावाड्यानं शमसाबींना खुर्चीसकट उचलून मधल्या फळीवर ठेवलं. त्या मोंबासात बारीक झाल्या होत्या. मांडीवर एक पिशवी होती आणि ती त्या कुणाला देईनात.

"सुकी मासळी आहे," तिमा भावाला म्हणाली. "सगळ्या बाजारात फिरवलं मला. म्हटलं, लामूला मासळी घेऊन जाणारी तूच पहिली असशील."

"पाहुण्याच्या हातात काहीतरी असावं," शमसाबी म्हणाल्या. "इतके दिवस गेले, त्यांनी माझं तोंड का बघावं?" मग त्यांनी अथमानकडे मान वळवली. "बरी आहेत ना रे सगळी? वझीरचा डोळा वाहत होता."

"बरी आहेत," अथमान म्हणाला आणि दोरीशी काहीतरी करायला वाकला.

मांजरं नेली तेव्हा याच फळीवर पिंजरे होते. मासे धरायचे, काटक्यांचे विणलेले. दवाखान्याचे पिंजरे मागायला गेला असता तर त्यांनी कारण विचारलं असतं, म्हणून त्यानं आपलेच घेतले. बेटही त्यानं विचार करून निवडलं होतं, निदान तेव्हा त्याला तसं वाटलं होतं. उत्तरेचा वारा असला की दूरच्या त्या बेटावर मच्छीमार झापाच्या खोपी घालून राहतात, मासळी सुकवतात. तिथे मांजरांची चंगळ होईल, असं तो मनाशी म्हणाला. पण ते कुसीचे दिवस होते, दक्षिणेचा वारा जोरात होता, आणि कुसीत त्या बेटावर चिटपाखरू नसतं हे लामूतलं पोरही सांगेल. अथमानला ते समजलं किनाऱ्याला लागल्यावर, रिकाम्या खोपी बघून. आयुष्य समुद्रावर गेलेल्या माणसाची ही चूक. परत फिरावं तर ओहोटी लागलेली, थोडं थांबलं तर बोट वाळूत बसली असती. त्यानं असतील नसतील ते मासे वाळूवर ओतले, आपला पाण्याचा डबा एका फुटक्या हंडीत रिकामा केला, आणि उद्या पाण्याचं पिंप घेऊन येतो असं चक्क मांजरांना सांगून निघाला. त्या बेटावर गोडं पाणी नाही. दुसऱ्या दिवशी समुद्र इतका खवळला की प्रवाळाच्या बाहेर कुणी बोट घालेना, आणि तो वारा पडायला बरेच दिवस लागले.

मग तो गेला. पण बोटीतून उतरला नाही. काठाजवळ थांबून त्यानं बोटीच्या फळीवर खिळ्यानं वाजवलं, आई वाजवते तसं, आणि बराच वेळ वाट बघितली. कुणी आलं नाही. उतरून बघण्याची त्याची हिंमत झाली नाही. मांजर कोंडून उपाशी मारणारी बाई नरकात गेली, हे मदरशात लहानपणीच शिकवतात. घरी आल्यावर भावानं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, मच्छीमारांनी ठेवून घेतली.

आता आई त्याच फळीवर बसून वाऱ्याकडे तोंड करून हसत होती, आणि त्याला वाटत होतं की धक्का यायलाच नको.

*

धक्क्यावरून शमसाबींना हातगाडीवर बसवून आणलं. वाटेत जो तो सलाम करायला थांबत होता. दाराशी पोचल्यावर तिमाचं नाक आधी आक्रसलं, मग तिनं ओट्याखाली वाकून बघितलं.  आईला आत बसवून, नात्यागोत्यातल्या बायकांच्या हवाली करून ती तडक स्वयंपाकघरात गेली, जिथे मुनिरा नारळाच्या रसात मासळी शिजवत होती. मुनिरानं फार आढेवेढे घेतले नाहीत. कुणीतरी विचारावं याचीच जणू ती वाट बघत होती. सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, की मी नको म्हणाले होते, पण एकदाच म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणायला पाहिजे होतं.

मुनिरा लग्न होऊन आली तेव्हापासून तिचं आणि तिमाचं सूत कधी जमलं नव्हतं. भावाला बायकोनं मुठीत ठेवलंय, असं तिमा मोंबासाभर सांगे. पण त्या दुपारी दोघी हात पुसत बरोबरच बाहेर आल्या आणि त्यांनी स्वालेहला धान्याच्या खोलीत गाठलं. बाहेर दुआसाठी माणसं जमत होती, म्हणून सगळं भांडण खालच्या आवाजात झालं.

तिमानं त्याला विचारलं, की आईनं आयुष्यभर केलेलं काम मोडायला तिची पाठ फिरायचीच खोटी होती का. स्वालेह म्हणाला, ती मांजरांपायी पडली, तू नव्हतीस, मी उचललं तिला. तू मोंबासात पंख्याखाली बसून बोल. यावर तिमा म्हणाली, महिनोन्‌महिने तिचं अंग पुसलं कुणी, पंख्यानं? मुनिरानं दोघांच्या मध्ये कॉफीची किटली धरली, म्हणजे कुणी आत आलंच तर कामाला उभे आहेत असं वाटेल.

"आणि ती मेली नाहीत," स्वालेह म्हणाला. "मच्छीमारांकडे आहेत. तुझ्यामाझ्यापेक्षा ताजं खाताहेत."

"मग झालं तर," तिमा एकदम शांत झाली. "उद्या आणायची परत."

स्वालेहला हायसं वाटलेलं दिसलं. खरं तर त्या नव्या बोक्यांनी त्यालाही जेरीस आणलं होतं, फक्त कबूल कोण करणार. तो म्हणाला, आणूया की, त्यात काय. दाराशी हलव्याचं तबक घेऊन अथमान उभा होता. तिघांनी त्याच्याकडे बघितलं.

"आणशील ना रे उद्या?" तिमानं विचारलं.

"आणतो," अथमान म्हणाला.

बहीणभाऊ निर्धास्त होऊन बाहेर गेले. मुनिराला मात्र तो तबकातले हलव्याचे तुकडे उगाच पुन्हा पुन्हा सरळ लावताना दिसला. ती या घरात आली तेव्हा हा दीर शाळेत जायचा. खोटं बोलला की तो असं हाताला काम काढतो, हे तिला ठाऊक होतं. ती विचारणार होती. पण बाहेरून कुणीतरी कॉफी मागितली आणि ती किटली घेऊन गेली.

*

तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजानंतर दुआ झाली. शमसाबी सुखरूप परत आल्या म्हणून सगळ्यांनी हात वर केले, कडू कॉफी आणि हलवा झाला, म्हाताऱ्यांनी आपापल्या गुडघ्यांची गाऱ्हाणी सांगून घेतली. माणसं पांगायला लागली तेव्हा शमसाबींनी ओट्यावर बसवायला सांगितलं. स्वालेह आणि तिमानं दोन्हीकडून धरून त्यांना बाहेर आणलं. पायरीपाशी आल्यावर स्वालेहनं आपल्याही नकळत आईला वरच्या दगडावरून पलीकडे उचलून घेतलं. शमसाबींनी खाली दगडाकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"ताटली आण," त्या मुनिराला म्हणाल्या.

तिमा म्हणाली, आई, आज राहू दे, दमली आहेस. स्वालेहही तेच म्हणाला. त्यांचं दोघांचं कधी नव्हे ते एकमत झालेलं बघून शमसाबी थोड्या चकित झाल्या. पण मुनिरानं ताटली आणली. तिला वाटलं, जे व्हायचं ते होऊन जाऊ दे.

शमसाबींनी पिशवीतली सुकी मासळी ताटलीत ओतली आणि कडेवर अंगठी वाजवली. दोनदा भरभर, मग थोडं थांबून एकदा.

गल्लीत काही हललं नाही. त्यांनी पुन्हा वाजवलं. मग वासानं एक पिवळा बोका कोपऱ्यावरून आला, जमिनीला पोट घासत. त्यानं एक मासा उचलला आणि पळाला. मागून आणखी दोघं आली, ताटलीशी येऊन एकमेकांवर गुरगुरली, त्यांची झटापट झाली आणि मासळी सांडली. एक तिरंगी, पोटुशी, लांबच बसून राहिली. ओट्यावरचे दोघे म्हातारे पाहुणे हसले. शमसाबी हसल्या नाहीत. त्यांनी एकेकाचा कान बघितला.

"वझीर," त्यांनी हाक मारली. मग आणखी थोडं मोठ्यानं, "हवा."

"उद्या आणणार आहे अथमान," स्वालेह घाईघाईनं म्हणाला. तुझा पाय बरा होईपर्यंत बेटावर ठेवली होती, मच्छीमारांकडे, मजेत आहेत, असं सगळं त्यानं एका दमात सांगितलं. पाहुण्यांनी काठ्या उचलल्या आणि सलाम करून निघाले. घरच्या गोष्टीत बसू नये एवढी समज त्यांना होती.

शमसाबींनी रिकाम्या पिशवीची घडी घातली.

"कुणी पकडली?" त्यांनी विचारलं.

स्वालेहनं अथमानकडे बघितलं.

"परक्यानं हात लावला असता तर वझीरनं त्याला फाडला असता. ती फक्त या आवाजाला यायची. ताटली कुणी वाजवली?"

अथमान भिंतीला टेकून उभा होता. तो पुढे आला आणि आईच्या पायाशी जमिनीवर बसला. "मी."

"अंगठी माझ्या हातात होती."

"खिळ्यानं वाजवली."

"आणि आली?"

"सगळी आली. आपणहून आत शिरली." त्याला पुढचं सांगायचं नव्हतं, पण ते इतके दिवस त्याच्या पोटात होतं. "मला वाटलं होतं बोटीत ओरडतील. पाण्याला भितील. कुणी आवाज केला नाही, आई. हवा पंजे पोटाखाली घेऊन बसली होती, माझ्याकडे बघत."

"बसणारच," शमसाबी म्हणाल्या. "त्यांना वाटलं असेल, दवाखान्यात चाललो." त्यांनी ताटली मांडीवर घेतली. "मी तरी वेगळं काय करत होते? वाजवायची, पकडायची, कान कापून आणायची. तरी ती दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची. पकडलं की परत आणायचं, एवढं एकच मी पाळलं होतं. तेवढ्यावर ती येत होती."

"उद्या आणेल ना तो," तिमा म्हणाली, आणि मध्येच थांबली, कारण अथमान नकारार्थी मान हलवत होता.

मग त्यानं सगळं सांगितलं. रिकाम्या खोपी, ओहोटी, फुटकी हंडी, वारा. परत गेलो तेव्हा उतरलो नाही, हेही सांगितलं. स्वालेह त्याच्या अंगावर धावून गेला, मला खोटं सांगितलंस म्हणाला. अथमान उठलाही नाही. "तू एकदाच विचारलंस, भाई. तेही हिशेब संपवल्यासारखं," तो म्हणाला. मुनिरानं नवऱ्याचा दंड धरला. त्यानं सोडवून घेतला नाही.

शमसाबी रडल्या. मोठ्यानं नाही, पण त्यांनी लपवलंही नाही, आणि मुलांना हे बघवेना. नवरा गेला तेव्हा त्या घरात, पडद्याआड रडल्या होत्या. आता भर गल्लीत, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर, खांद्यावरच्या लेसोच्या छापील कापडानं डोळे पुसत त्या बसून होत्या.

"मीच शिकवलं त्यांना," त्या म्हणाल्या. "या आवाजाला भिऊ नका म्हणून. जरा रानटी राहिली असती तर वाचली असती."

 शेवटी त्या स्वालेहकडे वळल्या. त्या काही बोलायच्या आतच तो म्हणाला, "माहीत आहे मला. मांजरांनी नाही पाडलं तुला. दगडानं पाडलं." एवढं बोलून तो पायरीवर बसला, त्याच हलत्या दगडावर, आणि तो दगड त्याच्याखाली करकरला.

*

गवंड्याला न बोलावता स्वालेहनं दगड स्वतः बसवला. जरा वाकडाच बसला, पण हलत नाही. अथमान बेटावर गेला आणि या वेळी उतरला. तिथे काय दिसलं हे त्यानं आईला सांगितलं नाही आणि आईनं विचारलं नाही. येताना मात्र तो सरळ जनावरांच्या दवाखान्यात गेला आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगून पिंजरा मागितला. त्या त्याला खूप बोलल्या. मग पिंजरा दिला, आणि तिरंगीला आता हात लावू नका, पिल्लं मोठी झाल्यावर आणा, असं बजावलं.

पहिला पकडला पिवळा बोका. तो काही शांत बसला नाही. वाटभर तारांवर अंग आपटत, किंचाळत गेला, आणि अथमानला ते ऐकायला बरं वाटलं. ऑपरेशन होईपर्यंत तो दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी कान कापलेल्या बोक्याला घेऊन तो गल्लीत आला, पिंजऱ्यावरचं फडकं काढलं आणि ज्या कोपऱ्यावर त्याला पकडलं होतं तिथेच दार उघडलं. बोका मागे न बघता पळाला.

"आणलास," ओट्यावरून शमसाबी म्हणाल्या.

"आणला. उद्या दुसरा."

मुनिरा आतून माशांची डोकी घेऊन आली. अथमाननं ती ताटलीत ओतली आणि विचारलं, "वाजवतेस?"

शमसाबींचा हात सवयीनं कडेपर्यंत गेला होता. तो त्यांनी मागे घेतला. अंगठी बोटात घट्ट रुतली होती, थुंकी लावून त्यांनी ती काढली आणि मुनिराच्या तळहातावर ठेवली. "नको. यांना सवय नको लावायला. भूक लागली की येतील आपले आपण."

मग खाली वाकायला त्यांनी अथमानच्या खांद्याचा आधार घेतला, आणि ताटली ठेवताना वाजू नये म्हणून आधी लेसोचं टोक दगडावर पसरलं.